वाढे, चुना आणि पुडी
रवंथ (साप्ताहिक सदर)

दिवाळी सरली की नंदुरबार-धुळ्याकडचे कोयते बारडोलीच्या उसात उतरतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकात या खानदेशी टोळ्यांवर लिहिले, ते माणसांबद्दल. मला आज त्यांच्या गाडीच्या बैलांबद्दल, खरे तर बैलांच्या पोटाबद्दल बोलायचे आहे.

गावाकडे कडबा खाणाऱ्या बैलापुढे पडावावर एकदम हिरवे वाढे पडतात, तेही पोटभर. कडबा असो की वाढे, पचवतात ते कोटीपोटातले जिवाणू. त्या पोटातल्या एका मिलिलिटर रसात ते हजार कोटींच्या घरात असतात. वाढ्यात मात्र ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला धरते आणि शेणावाटे घेऊन जाते. ऑक्झॅलेट फोडणारे जिवाणूही पोटात असतातच, पण थोडे. वाढे बेताबेताने वाढवले तर तेही वाढतात. म्हणून जुने पशुवैद्य सांगत आले: वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, निम्मा तरी कडबा ठेवा, खनिज मिश्रण चुकवू नका.

आता याच बैलासाठी दुकानात प्रोबायोटिकची पुडी मिळते. भरपूर आंबोण खाणाऱ्या दुभत्या गाईला यीस्टचा फायदा होतो, हे मान्य. वाढ्यावरच्या बैलाला आधी चुना द्या, मग पुडीचे बघू.

माणसाचेही फार वेगळे नाही. ऑक्झॅलेट खाऊन जगणाऱ्या एका जिवाणूला 1985 मध्ये ऑक्झॅलोबॅक्टर हे नाव मिळाले. तो मेंढीच्या कोटीपोटात सापडला, आपल्या आतड्यातही असतो. ज्यांच्या शरीरात जन्मतःच ऑक्झॅलेट जास्त तयार होते अशा रुग्णांना तो औषध म्हणून देऊन पाहिला. चाचण्यांत अपेक्षित गुण आला नाही.

बाहेरून आणलेला जिवाणू कधी रुजतच नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन जनावरे आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र तीच पाने खुशाल चरत. रेमंड जोन्स यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथली जनावरेही सुबाभूळ पचवू लागली. तिथे तो जिवाणू मुळातच नव्हता, म्हणून हे जमले.

बारडोलीच्या बैलाकडे जिवाणू आहेत. त्याला नाही मिळत तो वेळ. पडावावर उतरलेल्या दुसऱ्या दिवशी गाडी भरायची असते आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. तेव्हा पहिले दोन आठवडे पुरेल एवढा कडबा गावाहूनच गाडीत टाकावा आणि पडावावर चुन्याचे एक पिंप भरून ठेवावे. कारखान्यांनी मनात आणले तर हा खर्च त्यांना जाणवणारसुद्धा नाही.

— गोठेकर