रुग्णालयाचे दार कोणीकडे असावे?

गव्हाच्या खरेदीनिमित्त आम्ही गेली चाळीस वर्षे उज्जैनीस जात आहो. बाजाराचे काम आटोपले की सायंकाळी क्षिप्रेच्या राम घाटावर घटकाभर बसावयाचे, हा आमचा नेम. या खेपेस तेथे मनात आलेला एक विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

राम घाटाला फाटक नाही. स्नान करणारा, आरती पाहावयास आलेला, आणि आमच्यासारखा नुसताच पायरीवर बसलेला, यांपैकी कोणालाही "आपले येथे काय काम?" असे कोणी विचारीत नाही. सिंहस्थात, म्हणजे मागे २०१६ साली आणि आता पुढे २०२८ साली, बांबूंचे अडथळे घालावे लागतात हे खरे. पण तो अपवाद.

याच उज्जैनीत २०२४ च्या नोव्हेंबरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व मेडिसिटी यांचे भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज सुमारे ५९२ कोटी रुपये. आपल्याकडेही ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालना, बुलढाणा, वाशीम, हिंगोली इत्यादी दहा ठिकाणच्या महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. ही तर आपल्या धान्यबाजारांची गावे! देणगीसाठी मंडळी आपल्या पेढीची पायरी चढतील, यात संशय नाही. देणगी किती द्यावी हा प्रश्न आमच्या मते मागाहूनचा. आराखड्यात गावाला जागा कोठे ठेवली आहे, हे आधी विचारावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंना एका मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले. उपचार उत्तम झाले. त्याविषयी तक्रार नाही. परंतु सायंकाळी सातनंतर नातलगांना फाटकाबाहेर काढीत. आमच्या भावजयीने अकरा रात्री समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर काढल्या. लॉज आम्हांस परवडत होते, पण ती तेथून हालेना. ज्यांना ते परवडत नव्हते अशी तीस-चाळीस माणसे तिच्या शेजारीच निजत. फाटकाच्या आत विस्तीर्ण हिरवळ होती, आणि तीवर पाऊल ठेवू नये अशी पाटी होती.

याहून निराळे होऊ शकते. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते व घरोघर जाऊन शिकते. पण आम्हां धान्यवाल्यांना विशेष वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनी खेड्यांतून आरोग्यविमा उभा केला आणि त्याची वर्गणी चक्क ज्वारीने घेतली. ज्याची ऐपत अधिक, त्याची ज्वारी अधिक. ज्याने सुगीला ज्वारी मोजून दिली, तो रुग्णालयात याचक म्हणून कसा शिरेल? त्याचे तेथे खाते आहे.

खुल्या आवारात रोग पसरतील, चोऱ्या होतील, डॉक्टरांच्या अभ्यासात व्यत्यय येईल, असे आमचे काही मित्र म्हणतात. अतिदक्षता विभागात कोणीही शिरावे, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या गोदामाला कुलूप असते, दुकानाच्या ओट्याला नसते. प्रयोगशाळा, वसतिगृहे, शस्त्रक्रियागृहे खुशाल आत असोत. बाह्यरुग्ण विभाग, औषधाचे दुकान, पाणपोई, स्वयंपाकघर, नातलगांच्या खोल्या आणि निरोगी माणसालाही येऊन दोन गोष्टी ऐकता येतील असे एक सभागृह, ही मात्र रस्त्याच्या बाजूस, भिंतीवाचून हवीत.

औषधदानात आपला समाज मागे नाही. परंतु दान दिले की इमारतीवर नाव हवे, ही आपली हौसही जुनी आहे. आमचेही नाव दोन ठिकाणी कोरलेले आहे, ते लपवीत नाही. येत्या वार्षिक सभेत आम्ही असा ठराव मांडणार आहो की, संघटनेची रक्कम केवळ नातलगांच्या खोल्या व स्वयंपाकघर यांसाठीच द्यावी, ती जागा रात्रंदिवस उघडी राहील असे आधी लेखी घ्यावे, आणि आराखडा पाहावयास आपली दोन माणसे जावीत. त्यांपैकी एक भगिनी असावी. आमच्या भावजयीने होकार दिला आहे.