मोह गावाचा, गोदाम व्यापाऱ्याचं

मार्च-एप्रिलात मेळघाटातल्या सेमाडोहच्या भागात उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. फुलं वेचायची, अंगणात वाळत घालायची आणि वाळली की लगेच व्यापाऱ्याला विकायची, कारण किराण्याची उधारी त्याच व्यापाऱ्याकडे थकलेली असते. काट्यावर पोतं चढलं की तो मूठभर फुलं चुरगाळतो, “ओल आहे” म्हणतो आणि वजन कापतो. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की तीच फुलं चढ्या भावानं विकत आणायची. याला बाजार म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. ही उघड लूट आहे.

2020 मध्ये केंद्रानं मोहफुलांची आधारभूत किंमत किलोला 17 वरून 30 रुपये केली. पण हंगामात त्या भावानं माल घेणारा गावात उभाच नसेल, तर तो भाव काय चाटायचा? तेवढ्यात एखादी संस्था येते, मोहाच्या लाडवांचं प्रशिक्षण देते, प्रमाणपत्रं वाटते, फोटो काढून निघून जाते. लाडू चांगलेच होतात. पण भांडवल कुणाचं, माल साठवायचा कुठं, नफा कुणाच्या खात्यात, हे कुणी विचारत नाही.

गावानं स्वतः साठवण-विक्री करायला कायदा आडवा येतो, ही सबब तर साफ खोटी आहे. 2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यातल्या गावांनाही लागू आहे. 2012 च्या सुधारित नियमांत गौण वनोपजाची साठवण, प्रक्रिया, वाहतूक आणि विक्री हे सगळं गोळा करणाऱ्यांच्या हक्कात स्पष्ट लिहिलेलं आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2011 मध्ये स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळवून उजाड रान राखलं आणि तिथली सीताफळं पार मुंबईपर्यंत पोचवली. मग सेमाडोहनं वाट कुणाची पाहायची?

वाट आहे ती गावाच्या स्वतःच्या सहकारी संस्थेची. पण सहकार म्हटलं की वऱ्हाडातला शेतकरी दचकतो, आणि त्याचं बरोबर आहे. सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या त्या 5:45:50 या सूत्रावर : सभासदांचे 5 टक्के, सरकारचे 45, बाकीचं कर्ज. ज्या गिरणीत शेतकऱ्याचे शंभरातले पाचच रुपये, तिथं त्याचा आवाज तो किती असणार? पुढाऱ्यांनी खुर्च्या उबवल्या, गिरण्यांना कुलपं लागली, कापूस पुन्हा खाजगी जिनिंगच्या दारात गेला. सभासदही निर्दोष नाहीत. वार्षिक सभेला जेवायला जायचं, हिशेब विचारायचा नाही, अशानं कुठलीही संस्था बुडतेच.

म्हणून माझं म्हणणं आहे की सुरुवात यंत्रानं करू नका. यंत्राला अनुदान मिळतं, म्हणून सगळे आधी यंत्र आणतात आणि वर्षभरात त्यावर धूळ बसते. आधी कोरडं गोदाम, स्वतःचा काटा आणि पोतं ठेवल्याबरोबर हातात पडणारी उचल एवढं उभं करा. मोह सहा महिने कोरडा राहिला, तर लाडू वळण्याआधीच त्याची किंमत वाढलेली असते. कुटकी सडायचं यंत्र, मधाची गाळणी हे सगळं त्या नफ्यातून येऊ द्या.

सेमाडोहच्या ग्रामसभेला माझी विनंती आहे : पुढचा मोह पडायच्या आत संस्था नोंदवा. घरटी भाग घ्या, थोडा का होईना, पण स्वतःच्या पैशाचा. ज्या बाया फुलं वेचतात, त्यांच्याच सह्या धनादेशावर असू द्या. आणि कुठल्याही आमदाराला, खासदाराला, त्यांच्या नातेवाइकाला अध्यक्ष करू नका.