जबलपूरच्या जुन्या फाइली आणि संगणकाची नजर

केंद्रीय मंत्रिमंडळाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. चार वर्षांसाठीच्या ७,२१० कोटी रुपयांपैकी २,०३८ कोटी ४० लाख रुपये न्यायालयीन कागदपत्रांच्या स्कॅनिंग व जतनासाठी ठेवण्यात आले. पण स्कॅन केलेले पान हे निव्वळ चित्र असते. त्यातून खटल्याचा क्रमांक, वर्ष व पक्षकारांची नावे वेगळी काढल्याखेरीज ते शोधात सापडत नाही. हे काम दिसते तितके सोपे नाही.

मध्य प्रदेशात तर ते अधिकच अवघड आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरचे उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला गेले. इंदूर व ग्वाल्हेर येथे त्याची खंडपीठे आहेत. एवढ्या विस्तृत प्रदेशातील अपिलांच्या फाइलींत टंकलिखित इंग्रजी निकालासोबत हस्तलिखित हिंदी जबाब आणि शिक्के मारलेले अर्ज असणार हे उघड आहे.

संगणक प्रथम चित्रातील अक्षरे ओळखतो. त्यानंतर 'रेग्युलर एक्स्प्रेशन' या नियमाचा उपयोग होतो. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्याचा गणिती पाया घातला, तर केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकुराच्या शोधासाठी त्याची पद्धत मांडली. हा नियम अर्थ पाहत नाही, आकार पाहतो. फौजदारी अपिलासाठी 'सीआरए' ही इंग्रजी अक्षरे, पुढे क्रमांक, तिरपी रेघ, मग चार अंकी वर्ष, असा साचा दिला की तशा जागा तो वेचून काढतो.

खरा धोका इथेच आहे. शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' वाचले गेले तर साचा जुळत नाही आणि निदान चूक लक्षात येऊ शकते. शिक्क्याखालच्या १९९३ चे १९९८ झाले तर मात्र आकार बिनचूकच राहतो व नियम निमूटपणे ते स्वीकारतो. केवळ इंग्रजी अंकांसाठी लिहिलेल्या नियमाला देवनागरी अंक दिसतच नाहीत. 'आत्मज' या शब्दापुढे वडिलांचे नाव शोधणारा नियम 'वल्द' लिहिलेला अर्ज सोडून देतो.

कारागृहातील कैद्याचे नातेवाईक किंवा जमिनीच्या निकालाची प्रमाणित प्रत मागणारा शेतकरी यांना अशा वेळी 'नोंद आढळत नाही' एवढेच उत्तर मिळेल. शिवाय कागदी फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करता येतात. १९१७ च्या कायद्याने उच्च न्यायालयांना त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार दिला.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. अपिलाचे वर्ष खालच्या न्यायालयाच्या निकालाआधीचे असू शकत नाही, ही तपासणी संगणकालाही करता येते. मात्र १९९३ की १९९८, याचा निर्णय त्या वर्षीच्या हस्तलिखित नोंदवहीशी ताळा घेऊनच होईल. तो ताळा कागद नष्ट होण्यापूर्वीच घ्यावा लागेल, आणि त्यासाठी जुनी अक्षरे वाचता येणारे कर्मचारी लागतील.