चौकीवरची कुऱ्हाड

इंग्लंडच्या पोलिसाचे आपल्याकडे पूर्वीपासून कौतुक आहे. डोक्यावर उंच टोप, कमरेला फार तर दंडुका, आणि पत्ता विचारला तर थांबून नीट सांगणारा. १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीस दल उभे केले. त्यांच्याच नावावरून हा शिपाई ‘बॉबी’ झाला. तीस वर्षांपूर्वी मी इथे संसार थाटायला आले तेव्हा तो खरोखरच रस्त्यात भेटत असे. पुढे तो दिसेनासा झाला. सरकारनेच त्याला हिशेबातून वजा केले होते.

ही वजाबाकी २०१० साली सुरू झाली. आर्थिक अरिष्टाने तिजोरीला भगदाड पडले होते आणि डेव्हिड कॅमेरून यांच्या नव्या आघाडी सरकारने काटकसरीचा विडा उचलला होता. पुढच्या आठ वर्षांत पोलिसांना सरकारकडून मिळणारा पैसा, महागाई जमेस धरता, ३० टक्क्यांनी घटला. हा आकडा विरोधकांचा नव्हे, इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालातला आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून २०१० मध्ये १ लाख ४३ हजारांवर पोलीस होते, ते २०१८ मध्ये १ लाख २२ हजारांवर आले. त्यांच्या जोडीला गल्लोगल्ली फिरणारे गणवेशातले साहाय्यक असत. ते जवळजवळ १७ हजार होते, त्यांचे दहा हजारांच्या आसपास उरले.

पण मला सर्वांत खुपते ती या कपातीची वाटणी. इथे पोलिसांचा पैसा मुख्यतः दोन खिशांतून येतो. एक सरकारी अनुदान आणि दुसरा घराघरांवर बसणारा स्थानिक कर. लंडनलगतच्या सरे परगण्यात बंगले मोठे, कर भरपूर. तिथल्या पोलिसांचा निम्मा खर्च लोकांच्या करातूनच निघतो. उत्तरेला नॉर्थम्ब्रियात कोळशाच्या खाणी आणि जहाजांचे कारखाने बंद पडून गेलेले. घरे स्वस्त, कर थोडा, सारी भिस्त अनुदानावर. आता वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे नळाचे पाणी सारखेच कमी केले, तर ज्याच्या अंगणात विहीर आहे त्याचे काय बिघडते? सरेचे एकूण ११ टक्के गेले, नॉर्थम्ब्रियाचे २५. कागदावर मात्र कात्री सर्वांना एकसारखीच लावली होती!

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. २०१० ते २०१६ थेरेसा मे गृहमंत्री होत्या. त्यांचे म्हणणे असे की, पोलिसांची कागदपत्रे कमी करू, कारभार सुधारू, आणि तसेही गुन्हे घटतच आहेत. गुन्ह्यांच्या पाहणीचे आकडे त्या वर्षांत खरोखर उतरत होते. २०१५ मध्ये पोलिसांच्या संघटनेने अधिवेशनात धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा बाईंनी ‘लांडगा आला रे’ ही ओरड बंद करा, असे सुनावले. गोष्टीत लांडगा शेवटी येतो, हे त्यांच्या ध्यानात राहिले नसावे. चाकूचे गुन्हे त्याच सुमारास वाढू लागले होते, आणि पुढची काही वर्षे ते वाढतच गेले. २०१८ मध्ये गृहखात्याचाच एक अंतर्गत कागद वृत्तपत्रांत फुटला. पोलीस घटल्याने या वाढीला हातभार लागला असण्याचा संभव आहे, असे त्यात म्हटले होते. तेच एकमेव कारण, असे तो कागद म्हणत नव्हता आणि मीही म्हणणार नाही.

आमच्या गावातली चौकी या काळातच बंद झाली. लाल विटांची, दारात निळा दिवा असलेली ती इमारत विकली गेली. आता तिथे फ्लॅट आहेत. आमच्या शेजारच्या गुजराती बेन दिवाळीनंतर देवळातून परतल्या तो मागचे दार फोडलेले आणि सासूने घातलेल्या बांगड्या गेलेल्या. (आशियाई घरांत सोने असते हे इथल्या चोरांना चांगले ठाऊक आहे, दिवाळीच्या दिवसांत पोलीसच तशी सूचना देतात.) दीड तास फोन कानाला लावून बसल्यावर त्यांना एक क्रमांक मिळाला. गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, विम्यासाठी. दार पाहायला कोणी आले नाही. ‘‘ताई, पैशाचं नाही हो,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘पण कोणी येऊन विचारायला तर हवं होतं ना?’’

पूर्वी आमच्या भागात फिरणारा शिपाई आला असता. तो काही मोठा शेरलॉक होम्स नव्हता. पण कोणता मुलगा शाळा बुडवून बसथांब्यावर उभा असतो, कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणत्या नवऱ्याचा हात चालतो, हे त्याला माहीत असे. ही माहिती कोणत्याही यंत्रात साठवलेली नव्हती, त्याच्याबरोबरच ती गेली. जमाखर्चात तिला रकाना नसल्यामुळे ती गेल्याचे कोणाला कळलेही नाही.

२०१९ मध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले आणि त्यांनी वीस हजार पोलीस भरण्याचे जाहीर केले. त्यांच्याच पक्षाने घालवलेले वीस हजार! मार्च २०२३ पर्यंत भरती पुरी झाली. पण तेव्हा दलातल्या एक तृतीयांशाहून अधिक पोलिसांची नोकरी पाच वर्षांचीही नव्हती. त्यांना शिकवणारे जुने हवालदार केव्हाच घरी बसले होते. आणि विकलेल्या चौक्या काही परत आल्या नाहीत. हे सारे ताजे असताना २०२५ मध्ये लंडनच्या पोलीस दलाने पैशाअभावी अधिकारी, साहाय्यक आणि कर्मचारी मिळून १,७०० जागा कमी करण्याचे जाहीर केले, आणि ठाण्यांतल्या तक्रारखिडक्याही घटवण्याची योजना मांडली. सरकार बदलले होते, हिशेबाची वही बहुधा तीच राहिली.

हे सातासमुद्रापलीकडचे आहे म्हणून तुम्ही पान उलटू नका. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांत माणसे कमी पडली तेव्हा महाराष्ट्र सरकारने राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान अकरा महिन्यांसाठी देण्याचे ठरवले. नियमित भरती होईपर्यंतची तात्पुरती सोय, असे सरकारने सांगितले. असेलही. पण अकरा महिन्यांच्या माणसाला गल्लीतली म्हातारी कधी ओळखू येणार?

काटकसर नकोच, असे मी म्हणत नाही. घर चालवणारी कोणतीही बाई तसे म्हणणार नाही. पण अनुदान कापताना त्या गावाच्या अंगणात विहीर आहे की नाही, एवढे तरी बघावे, आणि ठाणे विकण्याआधी त्या वस्तीला विचारावे. बेननी मागच्या दाराला आता दोन कुलपे घातली आहेत आणि उरलेले दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत. त्याचे भाडे त्या स्वतःच भरतात. सरकारच्या बचतीत ते कुठे दाखवलेले नाही.