विम्याचे कार्ड हाती आले, दवाखान्याचे काय?

सोसायटीच्या ओट्यावर, चाकणच्या कांदा बाजारात किंवा एसटीत, कुठेही आजारपणाचा विषय निघाला की हल्ली दोन तट पडतात. एक म्हणतो, "सरकारी दवाखान्यावर कशाला खर्च करता? प्रत्येकाला विम्याचे कार्ड द्या, ज्याला जिथे बरे वाटेल तिथे तो जाईल." दुसरा म्हणतो, "विम्याने कंपन्या आणि मोठी हॉस्पिटले गब्बर होतील, आपला दवाखाना मात्र ओस पडेल." विधानसभेत आणि संसदेतही याच वादावर भाषणे होतात. मी काही डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. पण पीक विमा आणि अपघात विमा यांचे कागद अर्जापासून पंचनाम्यापर्यंत आम्ही जवळून पाहतो. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आधी आपल्या पदरात काय आहे ते पाहू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडून चालते. बरीच वर्षे ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांना घेतले ते फक्त मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत. आपला पुणे जिल्हा त्यात नव्हता. आपल्याकडे कुणाला जमिनीचे चार पैसे आले, कुणी कंपनीला लावायला गाडी घेतली, की कार्ड पांढरे झाले आणि योजनेचे दार बंद झाले. पैसे पुढे घरात, लग्नात आणि भाऊहिश्श्यात संपले, कार्डाचा रंग मात्र तसाच राहिला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही रंगाची अट गेली, संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांवर गेले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हे कार्ड काढले नसेल, तर आधी ते काढून घ्या.

तेव्हा विमा वाईट असे मी म्हणणार नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर, किडनी ही दुखणी शेतकऱ्याला जमीन विकायला लावतात. हा घाव कार्डाने अडतो आणि पुष्कळ घरे त्याने वाचली आहेत. शिवाय योजनेतून सरकारी रुग्णालयात उपचार झाले तर त्याचे पैसे त्या रुग्णालयालाही मिळतात. म्हणजे विमा आणि सरकारी दवाखाना हे मुळात एकमेकांचे वैरी नाहीत.

अडचण पुढे आहे. हे कार्ड चालते ते रुग्ण दाखल झाल्यावर, ठरलेल्या आजारांना आणि यादीतल्या रुग्णालयात. ताप, खोकला, सांध्याचे दुखणे, रोजची साखरेची आणि रक्तदाबाची गोळी या कशाचाच त्यात समावेश नाही. आपल्या घरचा दवाखान्याचा खर्च बघा. एकदम लाख जातात ते एखाद्या वर्षी, पण दर महिन्याला शे-पाचशे गोळ्यांना जातात ते कायमचे. पैशांअभावी गोळी बंद झाली की दोन-चार वर्षांनी लकवा होतो आणि मग कार्ड कामाला येते. हे म्हणजे करपा दिसला तेव्हा फवारणी करायची नाही आणि शेत गेल्यावर पीक विम्याची वाट बघायची! विम्याने नुकसानीची थोडी भरपाई होते, पण त्याने पीक उभे राहत नाही.

चाकणमध्ये तर हा फरक एकाच आळीत दिसतो. कंपनीत २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू आहे. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या पैशातून साध्या तापालाही औषध मिळते, दाखल व्हायची गरज नाही आणि आजारपणाच्या रजेचा काही पगारही मिळतो. चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचे स्वतःचे रुग्णालय आहे. तिथल्या कारभाराबद्दल तक्रारी असतील, पण १९४८ च्या त्या कायद्यात एक शहाणपण आहे : वर्गणी घेतली आणि त्याबरोबर दवाखानाही उभा केला. शेजारच्या साहेबाला कंपनीचा मेडिक्लेम असतो, तो नोकरी आहे तोवर. आणि ज्याची जमीन कारखान्याला गेली किंवा जो अजून उरलेल्या दोन एकरांत कांदा-बटाटा करतो, त्याच्या नशिबी यातले काहीच नाही. खासगी मेडिक्लेम घ्यावा तर वयाबरोबर हप्ता चढत जातो आणि आधीच्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी गेला हे बरे झाले, पण कांद्याला भाव नाही त्या वर्षी हप्ता भरायचा कशातून?

आता विमा कंपनी मध्ये असली की काय होते, ते आमच्याच खात्यातले उदाहरण सांगतो. शेतकऱ्यांचा अपघात विमा २००५-०६ पासून होता, पुढे त्याला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले. शासन हप्ता भरायचे आणि दावा कंपनी तपासायची. कर्ता माणूस गेलेल्या घरातली बाई फेरफार, वयाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा गोळा करीत फिरायची आणि कंपनीकडून त्रुटीचे पत्र यायचे. अखेर १९ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने शासनाने कंपनीच मधून काढली. आता अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे येतो, तहसीलदारांच्या समितीत निर्णय होतो आणि शासन थेट अनुदान देते. मृत्यूला २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. अजूनही उशीर होतो. पण कुणाला जाब विचारायचा ते ठाऊक असते आणि तो माणूस तालुक्यातच बसतो. पीक विम्याचेही पाहा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. योजना येते आणि जाते. बांधलेला दवाखाना आणि नेमलेली नर्स मात्र सहजासहजी जात नाही.

म्हणूनच मला सरकारी दवाखान्याची बाजू वजनदार वाटते. १९४६ साली भोर समितीने सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये. त्याच विचारातून गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. अशा केंद्राची ताकद काय असते? महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी माणसे पाहिली, एकेका रुग्णाची नोंद ठेवली आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग शोधून काढला. मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळीसवरून एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रात्री पाण्याच्या पाळीवर गेलेल्याला साप चावला, तर कार्डावर किती लाख आहेत हे कुणी बघत नाही. जवळच्या दवाखान्यात लस आणि ती टोचणारा डॉक्टर आहे का, एवढाच प्रश्न असतो. तिथून पुढे पिंपरीच्या वायसीएमला न्यायचे म्हटले, तर चाकणच्या चौकातल्या कोंडीत रुग्णवाहिका किती वेळ उभी राहते ते आपण सगळे जाणतो.

अर्थात, सरकारी दवाखाना आहे तसाच बरा आहे असे म्हणणेही खोटे ठरेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळे मोफत झाले. पण कपाटात औषध नसेल तर मोफतला अर्थ काय? त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसे दगावली, तेव्हा औषधे आणि मनुष्यबळ यांवरून राज्यभर ओरड झाली. चाकणचे तर वेगळेच गणित आहे. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येला एक आरोग्य केंद्र हा निकष. २०११ च्या जनगणनेत एकट्या चाकणची लोकसंख्या ४१ हजार होती. त्यानंतर भाड्याच्या खोल्यांत किती माणसे येऊन राहिली, याची मोजणीच झालेली नाही. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात गर्दी का, याचे उत्तर यातच आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये म्हटले होते की आरोग्यावरच्या सरकारी पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेवर जावा. मत मागायला येणाऱ्याला कार्डाच्या लाखांबरोबर हेही विचारले पाहिजे.

सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनी एवढे करावे. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे, तिची बैठक खरोखर घ्यावी. आरोग्य केंद्रात सर्पदंशाची आणि कुत्रा चावल्याची लस, साखर-रक्तदाबाच्या गोळ्या आणि रात्रीचा डॉक्टर आहे का, हे दर महिन्याला लिहून ग्रामसभेत वाचावे. केंद्र जिल्हा परिषदेचे असते, तेव्हा तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे, त्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. आणि जे खाऊन-पिऊन सुखी आहेत त्यांनीही अधूनमधून सरकारी दवाखान्यात जावे. ज्या शाळेत सरपंचाचे पोर असते, त्या शाळेचे छप्पर गळत नाही. दवाखान्याचेही तसेच आहे.

कार्ड जरूर काढा आणि जपून ठेवा. पण कार्ड दिले म्हणून दवाखाना मागायचा नाही, असा सौदा कुणी पुढे केला तर तो मान्य करू नका. विहीर खोदायची सोडून टँकरच्या भरवशावर बाग लावणारा शेतकरी आपल्या तालुक्यात तरी मला अजून भेटलेला नाही.