संग्रहालयाचे दार

वस्तुसंग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक भव्य इमारत उभी राहते. उंच दालने, काचेची कपाटे, कपाटांत मांडलेल्या जुन्या वस्तू आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी! अशी वास्तू मोठ्या शहरालाच शोभते, लहान गावाला तिचा काय उपयोग, असे पुष्कळांना वाटते. परंतु संग्रहालयाची थोरवी त्याच्या इमारतीवरून ठरत नाही. तेथून बाहेर पडणारा माणूस आत येताना होता त्याहून अधिक डोळस झाला की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मुंबईत राहणाऱ्या सालिम नावाच्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी नेहमीची नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मामांना विचारले. पण त्यांनाही तिचे नाव सांगता येईना. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. निसर्गाच्या अभ्यासासाठी १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था. तिचे कार्यवाह मिलर्ड यांनी त्या मुलाला दारातून परत धाडले नाही. ती पीतकंठी चिमणी आहे, असे त्यांनी त्याला सांगितले आणि संस्थेच्या संग्रहातील पक्षी एकामागून एक काढून दाखविले. पुढे हाच मुलगा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली म्हणून जगात नावारूपाला आला.

१९२६ साली सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता झाले. तेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. येणाऱ्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती समजावून सांगणे हे त्यांचे काम. पुढे ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. नोकरी गेली, परंतु अभ्यास थांबला नाही. ते किहीम येथे जाऊन राहिले. अलिबागजवळचे हे समुद्रकाठचे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याला आज रायगड म्हणतात. तेथील झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. सालिम अली दिवसामागून दिवस ती न्याहाळू लागले.

त्यांना काय दिसले? लोकांनी या पक्ष्याला ‘सुगरण’ असे स्त्रीचे नाव दिले आहे. पण घरटे विणतो तो नर! तो ते अर्धवट विणून ठेवतो. मग माद्या येऊन घरटी पारखतात. एखादीने घरटे पसंत केले, की नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेतो. गावकरी ही घरटी पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. एवढ्या बारकाईने ती पाहून सारे टिपून ठेवण्याचे काम मात्र राहून गेले होते. ही दृष्टी सालिम अलींना लाभली, तिची सुरुवात संग्रहालयाच्या त्या खणांपाशीच झाली होती.

म्हणून किनाऱ्यावरील गावोगावी एखादे लहानसे संग्रहालय असावे. त्यासाठी राजवाडा नको. शाळेची एक खोली पुरे. तेथे जुनी जाळी असावीत, होडीची प्रतिकृती असावी, खारफुटीची बीजे असावीत आणि प्रत्येक वस्तूखाली गावच्या बोलीतले नाव असावे. गावच्या वडीलधाऱ्या कोळ्यांनी तेथे यावे आणि उधाण केव्हा येते, भांगाच्या दिवसांत पाणी कमी का चढते, हे मुलांना समजावून द्यावे. मग सर्वांनी खोलीबाहेर पडावे. ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले खडक पाहावेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी मोजावेत.

कोणी म्हणेल, ‘जे रोज दारात दिसते, ते मुद्दाम काय शिकावयाचे?’ याचे उत्तर समुद्री कासवांनी दिले आहे. कोकणच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे किनाऱ्यावरील लोकांना ठाऊकच होते. पण ती अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. २००२ साली बाणकोट खाडीपलीकडच्या, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने अंड्यांची राखण आरंभिली. अंडी कुंपणाच्या आत पुरून सांभाळली जातात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर आली, की त्यांना समुद्राकडे सोडतात. हा सोहळा पाहावयास लोक दुरून येतात आणि गावातील घरांत उतरतात. खाडीच्या अलीकडे हरिहरेश्वर आणि दिवेआगर येथेही असे काम चालते. लोकांना आपल्या किनाऱ्याची खरी ओळख पटली, की ते त्याचे राखणदार होतात.

मात्र एक सावधगिरी हवी. संग्रह करावयाचा म्हणून प्रत्येकाने जिवंत शंख उचलून आणले, तर कपाट भरेल आणि किनारा ओस पडेल. रिकामा शंखही निरुपयोगी नसतो. मऊ पोटाचा एक खेकडा त्यातच आपले घर करतो. काही जातींचे शंख आणि समुद्री कासवे यांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा वस्तू थोड्या आणि नोंदी पुष्कळ, असा संग्रहालयाचा नियम असावा. तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि जे दिसले ते, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवीत आली आहे. एका दिवसाची नोंद क्षुल्लक वाटते. परंतु शंभर वर्षांच्या नोंदी जगातल्या विद्वानांना उपयोगी पडतात. सालिम अलींचा अभ्यास एका मेलेल्या चिमणीपासून सुरू झाला. आजच्या मुलांना त्यासाठी बंदुकीची गरज नाही. वही आणि पेन्सिल पुरे.

अशी एक खोली कोणत्याही गावाला परवडेल. तिच्यात कपाटे थोडी असली तरी चालेल. पण हातात काहीतरी घेऊन ‘हे काय आहे?’ असे विचारीत येणाऱ्या मुलासाठी तिचे दार सदैव उघडे असले पाहिजे.