नदीचा खर्च दरात धरा

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली पाणी, झाडे आणि पुढच्या पिढ्या यांच्यावर पानेच्या पाने छापलेली असतात. परंतु नदीत कसले पाणी जाणार, हे त्या पानांवर ठरत नाही. ते ठरते कंपनीच्या वित्त विभागात, म्हणजे आपल्या भाषेत हिशेबखात्यात. तिथेच कापडाचा दर मंजूर होतो आणि बिलाची तारीख पडते.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सारे गाव कापडावर उभे राहिले. मागावरचे ग्रे कापड प्रोसेसमध्ये धुवायचे, रंगवायचे तर कॉस्टिक, रंग आणि भरपूर पाणी लागते. हे सांडपाणी शुद्ध न होता सुटले की पंचगंगेत जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. दोष एकट्या प्रोसेसवाल्यांचा नाही. शहरांचा मैला आणि साखर कारखान्यांचे पाणीही त्यात आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली, ती मैलामिश्रित पाण्यामुळे. पण म्हणून कापडवाल्यांच्या वाट्याची जबाबदारी टळत नाही.

पाणी शुद्ध करायला रसायने, वीज आणि माणसे लागतात, गाळ उचलावा लागतो. हा खर्च मीटरमागे दरात धरणारा महाग ठरतो. रात्री पाणी नाल्यात सोडणारा स्वस्त ठरतो. हिशेबखाते शेवटचा आकडा बघते आणि काम स्वस्तवाल्याला देते. मग इमानदार माणसाने धंदा टिकवायचा कसा? एका मोठ्या खरेदीदाराने मला पर्यावरणाचा लांबलचक फॉर्म भरायला पाठवला आणि त्याच आठवड्यात दर उतरवा म्हणून पत्रही धाडले!

दुसरी गोष्ट उधारीची. नव्वद-नव्वद दिवस पैसे अडकले तरी छोट्या कारखानदाराला मजुरी आणि वीजबिल थांबवता येत नाही. तो काटकसर करतो ती शुद्धीकरणाच्या रसायनात. यावर आता कायद्याचा थोडा आधार आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. आम्हा व्यापाऱ्यांना याचा लाभ नाही, पण उद्यम नोंदणी असलेल्या मागवाल्यांना व प्रोसेसवाल्यांना आहे. शिवाय सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. २०२३ पासून पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले, हा आकडाही त्यात आला आहे.

खर्च उघड दाखवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गावी जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हे काम एकट्याचे नाही. प्रोसेसवाल्यांनी मिळून ठरवावे आणि बिलात सांडपाण्याची वेगळी ओळ घालावी. आपण व्यापाऱ्यांनी त्या ओळीवर घासाघीस करू नये. सामुदायिक शुद्धीकरण केंद्राच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि कंपनीशी दर बोलताना पुढे कराव्यात. जे हिशेबखाते ती ओळ मंजूर करून पैसे वेळेवर देईल, त्याच कंपनीचा अहवाल खरा मानावा.